विसातून दहा

१८ नोव्हेंबर २०२४, शिरड शहापूर

ही चाचण्यांची वही. पुढच्या पानांवर आकडे आहेत, ते ऑफिससाठी. मागच्या पानांपासून मी जे लिहिते आहे ते कोणासाठीच नाही. घरात माणसं नाहीत असं नव्हे. पण माझं काम काय ते सांगायला गेलं की माय म्हणते, "जेवलीस का बाई?" आणि धाकटा भाऊ राम म्हणतो, "म्हंजे तू रेडिवो दुरुस्त करतीस का?" आठ वर्षं झाली मला पुण्यात ध्वनीच्या कंपनीत इंजिनिअर होऊन. गावात मी अजून मेंढरंवाल्या रखमाजीची राधिका, जिचं वय निघून गेलं.

आबा, म्हणजे माझे वडील, कालव्याच्या उतारावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. आता तीन महिने खाट. माझे साहेब प्रेमानंद सर म्हणाले, "घरूनच काम कर." हे काही त्यांनी मनाच्या मोठेपणानं म्हटलं नाही. माझी पद्धत त्यांना कागदावर पटते, पुढे सरकत नाही. जानेवारी संपेपर्यंत ती सिद्ध झाली नाही तर विषय बंद. विषय बंद म्हणजे माझी जागाही बंद, हे त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं.

पद्धत साधी आहे. चार माइकांनी चारी बाजूंचा आवाज घ्यायचा. त्यात कोणी बोललं, ओरडलं, तर तेवढं जसंच्या तसं पाठवायचं. पण मागे जो गोंगाट सारखा चालू असतो, वारा, पंखा, गर्दी, तो सगळा पाठवण्यात डेटा कशाला घालवायचा? त्याचे मोजके आकडे पाठवायचे. किती मोठा, कोणत्या पट्टीतला, कुठल्या बाजूचा, आणि चार माइकांत एकमेकांसारखा किती. पलीकडचं यंत्र त्या आकड्यांवरून नवा गोंगाट बनवतं. तो खरा नसतो, खऱ्यासारखा असतो. ऐकणाऱ्याला फरक कळला नाही की झालं.

ऑफिसातल्या बारा पोरांना फरक कळला नाही. सर म्हणाले, "त्यांना पंखा आणि पाऊस यातला फरक तरी कुठं कळतो? ज्याला खरा आवाज पाठ आहे असा माणूस आण." आता असा माणूस काय बाजारात मिळतो?

२१ नोव्हेंबर

आबा जेवत नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या उपाशीपोटी घेतात आणि मग पोट जळतं म्हणून भांडतात.

आमच्या घरात दोन गोष्टी कधी होत नाहीत. एक, मेंढरं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते. दुसरी, मेंढरं बसल्याशिवाय ताट वाढत नाहीत. दिवस मावळताना आबा वाडग्याजवळ, मेंढरांच्या कुंपणाशी, उभे राहायचे. कळप आत गेला, इकडेतिकडे झाला, एकेक करत टेकला, रवंथ सुरू झालं की ते ऐकून म्हणायचे, "बसली." तो शब्द घरी पोचला की माय भाकरी वाढणार. लहानपणी मी या शब्दाची वाट बघत कितीदा भुकेनं रडले आहे.

वाडगं आहे अर्ध्या कोसावर, माळाला, तिथला आवाज खाटेपर्यंत येत नाही. दिवसा सोजरा आत्या आपल्या शेळ्यांबरोबर आमची मेंढरं चारते, संध्याकाळी राम कोंडतो आणि घरी येऊन म्हणतो, "बसली आबा."

"तू पाह्यलं. ऐकलं का?"

"आता ऐकायचं काय त्यात?"

मग आबा भिंतीकडे तोंड करून पडतात. ते जेवत नाहीत म्हणून माय जेवत नाही. हे सगळं बघून चिडचिड झाली आणि चिडचिडीतच डोक्यात आलं. ज्याला खरा आवाज पाठ आहे असा माणूस माझ्यासमोर खाटेवर पडलाय.

२४ नोव्हेंबर

वाडग्याच्या चार कोपऱ्यांना चार माइक. आबांच्या खाटेच्या चार पायांशी चार स्पीकर. वसमतहून बॅटरी आणली, रामनं बांबू रोवले. माळावर मोबाइलची एकच कांडी दिसते, तीही येऊन जाऊन. त्यामुळे खरा आवाज थेट येणं शक्य नव्हतं. आधी कार्डावर भरून आणला आणि लावला.

आबा आधी दचकले. मग डोळे मिटले. मग बोट उचलून दाखवायला लागले. "ती कानी. पायाशी हाय, डावीकडं. खोकून राहिली, तिला गूळ द्या. उशाला ती काळतोंडी. आन् भुऱ्या दाराशी बसलाय, कान खाजवून राहिला." भुऱ्या म्हणजे कुत्रा. त्याचं कान खाजवणं मला हेडफोनमध्येही ऐकू आलं नव्हतं.

"बसली," म्हणाले. मायनं ताट वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या.

माझ्याबद्दल एक शब्द नाही. तसा तो कधी नव्हताच. दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा हा माणूस म्हणाला होता, "बरं. आता त्या कोकराला धर."

२७ नोव्हेंबर

आजपासून थेट आवाज, माझ्या पद्धतीनं. आणि कंपनीसाठी रीतसर चाचणी. आवाजाचे वीस तुकडे, काही कार्डावर भरलेले खरे, काही माझ्या यंत्रानं बनवलेले. आबांनी फक्त "खरा" किंवा "खोटा" म्हणायचं.

विसातून वीस बरोबर.

"हे पाणी हाय," माझ्या तुकड्याबद्दल म्हणाले. "कोन्या ओढ्याचं पाणी भरून आणलंस तू. मेंढरं दात घासून रवंथ करत्यात, पाण्यावानी वाहत न्हाईत."

"थोडंफार तर मेंढरांसारखं हाय की नाई, आबा?"

"थोडंफार म्हंजे काय? मेंढरू हाय तर हाय, न्हाई तर न्हाई."

प्रेमानंद सरांपेक्षा हा परीक्षक वाईट.

२ डिसेंबर

एकोणीस. आज वेगळी तक्रार. "सगळी मेंढरं माझ्या डोस्क्यात येऊन बसली. बाजूला कोनीच न्हाई."

आणि म्हातारा बरोबर होता! चारही स्पीकरना मी जवळजवळ एकच गोंगाट देत होते, म्हणून तो पसरत नव्हता, मधोमध गोळा होत होता. 'एकमेकांसारखा किती' हा आकडा मी कंजूषपणानं एकच ठेवला होता. आता प्रत्येक पट्टीला वेगळा केला. संध्याकाळी पुन्हा लावला तर म्हणाले, "आता गोल बसली. बराबर."

या चुकीवर ऑफिसात तीन महिने बैठका चालल्या होत्या. बायोडाटे बघितले तर डोळे दिपतील अशी माणसं तिथे आहेत. चौथी नापास माणसानं खाटेवर पडल्यापडल्या ती दोन मिनिटांत पकडली. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो रागच.

७ डिसेंबर

सतरा.

"गोल बसलीत, पर श्वास घेत न्हाईत," म्हणाले. मला कळतं ते काय म्हणतात. कळपाचा आवाज सारखा वरखाली होतो आणि माझे आकडे त्याची इस्त्री करून टाकतात. जास्त वेळा आकडे पाठवावेत तर डेटा वाढतो, मग पद्धतीचा उपयोग काय?

दुपारी सरांचा फोन. रेंज फक्त ओसरीत येते, आबांच्या खाटेपासून दोन हातांवर. आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी हळू बोलत होते पण शेवटी आवाज चढलाच. "सर, सतरा म्हणजे सुधारणाच आहे... हो, मला माहीत आहे, विसातून दहा चुकले पाहिजेत, नाणं उडवून सांगितल्यासारखे. दहाच, त्याहून जास्त चुकले तर माणसाला फरक कळतोय आणि तो उलटं सांगतोय असं धरतात... सर, जानेवारीत काढून टाकलं तर या वयात मला दुसरं कोण घेईल? मी इथे परत येऊन काय मेंढरं राखू?"

फोन ठेवून तिथेच खांबाला टेकून रडले. हे लिहिताना लाज वाटते आहे. नशीब, आबांची झोप गाढ आहे.

९ डिसेंबर

रामला हट्टा गावचं स्थळ आलंय. मुलगी संगिता, बारावी, शिलाई करते. राम तिच्याबद्दल बोलताना नखं कुरतडतो, म्हणजे आवडली आहे. आतापर्यंत सहा ठिकाणहून नकार आला. मेंढरामागच्या पोराला पोरगी कोण देतो? राम वर्षभर टेम्पो चालवतोय, वसमतला हळद नेतो, पण लोकांना घरचा कळप दिसतो.

मुलीच्या बापाची एकच अट. लग्नाआधी मेंढरं निघाली पाहिजेत.

आबा जितेपणी विकू देणार नाहीत. सोजरा आत्याचे गुडघे गेलेत, तिनं परवाच सांगितलं की संक्रांतीपुढे माझ्याच्यानं होणार नाही. आबा उठले तरी काठीवर उठणार. हे सगळ्यांना कळतं. आबांना सांगायला मात्र कोणी पुढे होत नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

राम माझ्याजवळ येऊन बसला, यंत्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तिकडं मेंढरं नसली तरी हे वाजंल का?"

प्रश्न चांगला होता. मी सांगितलं की नवे आकडे आले नाहीत तर यंत्र जुन्या आकड्यांवर गोंगाट बनवत राहतं. साठवलेले आठवड्याचे आकडे दिले तर महिनोन्‌महिने वाजेल. फार खुलून सांगितलं मी. पहिल्यांदाच घरात कोणी माझ्या कामाबद्दल काही विचारत होतं.

१२ डिसेंबर

मेंढरं गेली, रामनं विकली. दुपारी परभणीकडचा गाडीवाला आला, माळावरूनच भरून नेली. माय गेली नाही बघायला. ती चुलीपाशी बसून राहिली.

रामनं विचारलं तेव्हा मी "हो" म्हटलं नाही. "नाही"ही म्हटलं नाही. राम म्हणाला, "आबा चालाय लागले की मी सोता सांगतो. तवर तू ते चालू ठेव." डॉक्टरांनीही सांगितलंय की त्यांना धक्का नको. आणि लपवायचं कशाला, इथे तरी लिहिते. मला हेही वाटलं की चाचणी म्हणून याहून कठीण चाचणी मिळणार नाही. मागे खरं एकही मेंढरू नाही, नुसते आकडे. आणि ऐकणारा कोण? आबा.

दिवस मावळला. मी साठवलेले आकडे लावले. मायनं पदर तोंडाला लावला होता. राम दारात उभा. आबा डोळे मिटून ऐकत राहिले. फार वेळ ऐकलं, नेहमीपेक्षा दुप्पट.

मग म्हणाले, "बसली. वाढा."

आम्ही तिघं भाकरी चिवडत बसलो. आबांनी मात्र तीन भाकरी खाल्ल्या. मायकडे बघून म्हणाले, "तू बी खा."

१३ डिसेंबर

दहा!

विसातून दहा. सतरावरून एकदम दहा. पट्ट्या थोड्या बदलल्या होत्या, श्वासाचं थोडं जमवलं होतं, पण एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. अंगणात जाऊन एकटीच हसले. आठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःला शाबासकी दिली.

१६ डिसेंबर

आज घोटाळा होणार होता. भुऱ्याला गाडीवाल्यानं नेलं नाही. तो चार दिवस रिकाम्या वाडग्याभोवती फिरला आणि आज घरी येऊन आबांच्या खाटेखाली पडला. हा कुत्रा जन्मात कधी कळप सोडून दिवसा घरी आलेला नाही. राम घाबरून म्हणाला, "त्याच्या पायात काटा गेलाय आबा, म्हून आणला."

आबांनी त्याला वर ओढलं. चारही पंजे एकेक करून चाचपले, बोटांच्या बेचक्यात बघितलं. मग भुऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "व्हय. काटा हाय. लई आत गेलाय. राहू द्या इथंच."

मी रामला डोळा मारला. भोळा आहे हो म्हातारा!

चाचणी झाली. पुन्हा दहा. कुत्र्याच्या धापा टाकण्याचा त्रास होत होता तरीसुद्धा.

२० डिसेंबर

तिसऱ्यांदा दहा. पुस्तकात छापावं असं. आज मी बारकाईनं आबांकडे बघत होते. प्रत्येक तुकड्याला घोंगडीखाली त्यांचा हात हलत होता. नाव घेत असतील देवाचं. ते हल्ली तक्रारच करत नाहीत. "खरा," "खोटा," बस्स. मी विचारलं, "आबा, आता पानी वाटत न्हाई ना?"

"न्हाई. लई बराबर झालं तुझं यंत्र."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं तर म्हणाले, "तुझ्या सायबाला सांग, म्हाताऱ्याला काई फरक कळत न्हाई."

तेहतीस वर्षं वाट बघितली या एका वाक्याची. डोळे भरून आले, ते लपवायला स्पीकरच्या वायरी आवरत बसले.

"झाल्या का तुझ्या परीक्षा?"

"झाल्या आबा. आता नुसता रिपोर्ट लिहायचा. संध्याकाळचं तेवढं चालू ठेवू."

"त्याचा आवाज जरा हळू कर. मला हळूच पुरतो आता."

कान अजून तिखट आहेत! आवाज अगदी बारीक केला. ओसरीच्या दारातून मला तर ऐकूसुद्धा येत नाही.

२७ डिसेंबर

आठवडाभर आतल्या खोलीत हेडफोन घालून रिपोर्ट लिहिला. बेचाळीस पानं. "चाळीस वर्षांचा अनुभव असलेला श्रोता, शेवटच्या तीन चाचण्या, तिन्हींत निव्वळ अंदाजाइतकीच अचूकता." शिवाय संध्याकाळची नोंद. "मागे प्रत्यक्ष स्रोत नसताना, केवळ साठवलेल्या आकड्यांवर, सलग पंधरा दिवस एकदाही शंका नाही." शेवटच्या वाक्यावर प्रेमानंद सर खुर्चीतून उठतील.

रोज दिवस मावळला की यंत्र आपोआप लागतं, मी आतूनच ओरडते, "बसली का आबा?" ओसरीतून उत्तर येतं, "बसली." वहीत नोंद करते. मग जेवायला जाते.

३ जानेवारी २०२५

राम मामाबरोबर हट्ट्याला जाऊन आला. जमलं. फेब्रुवारीत साखरपुडा. आबांना अजून स्थळाबद्दल सांगितलेलं नव्हतं, म्हणून राम पेढे खिशात घेऊनच घुटमळत होता. आबांनीच हाक मारली.

"काय रे, पोरीकडचे काय म्हनले?"

राम गार. मायनं सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही.

"व्हय म्हनले आबा."

"मंग झालं. मोकळा झालास. आता पोरगी नीट सांभाळ." असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रामला असा हात लागल्याचं मला आठवत नाही. पडल्यापासून आबा मऊ झालेत. खाटेवर पडलं की माणसं बदलतात म्हणतात ते खोटं नाही.

मेंढरांचं सांगायचं राहिलंच. राम म्हणतो, साखरपुडा होऊ दे.

१० जानेवारी

सकाळी सरांची मेल. पद्धत मंजूर. येत्या वर्षी कंपनीच्या यंत्रांत जाणार, माझ्या हाताखाली चार माणसं. पुण्यातल्या कार्यक्रमात सादरीकरण आहे आणि सरांना त्यासाठी आबांचा फोटो हवाय. फोटोखाली लिहिणार आहेत, "ज्यांच्या कानांना फरक कळला नाही". तेवढी संध्याकाळच्या यंत्राची नोंदवही जोडून पाठवायला सांगितली, ती राहिली होती.

नोंदवही यंत्र स्वतः लिहितं. कधी चालू झालं, कधी बंद. मी उघडली. शेवटची ओळ २१ डिसेंबरची, सकाळी आठची. वीज बंद. त्यानंतर काहीच नाही.

मला वाटलं यंत्र बिघडलं. ओसरीत गेले. प्लग काढलेला होता. वायर नीट गुंडाळून लोकरीच्या दोऱ्यानं बांधून खाटेखाली ठेवली होती. तशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो.

वीस संध्याकाळ. वीस वेळा मी आतून ओरडले, "बसली का?" आणि वीस वेळा उत्तर आलं.

माय अंगणात ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "मी न्हाई काढली. त्यायनीच मागितली वायर, मी हातात दिली. त्यायला त्या आवाजात झोप येत न्हवती बाई."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू कवा बाहीर आलीस?" माय सूप ठेवून म्हणाली. "कानावर ते डबडं घालून बसतीस."

आबा जागेच होते. भुऱ्या त्यांच्या पायाशी होता.

"आबा, वायर काहून काढली?"

"तुझ्या परीक्षा झाल्या म्हनलीस ना."

"मंग रोज 'बसली' कशापायी म्हनता?"

"मी न्हाई म्हनलो तर तुझी माय जेवती का? तू तरी जेवशील का?"

मी खाली बसले. विचारलं, "मेंढरं गेल्याचं कवा कळलं?"

"पहिल्याच सांजंला. तुझं यंत्र लई चांगलं हाय, पर ते कालच्यावानीच बसतं. मेंढरं काल बसली तशी आज बसत न्हाईत, राधे. कोनाचं पोट दुखतं, कोनाचं कोकरू सापडत न्हाई."

"मंग ओरडायचं आमच्यावर! शिव्या द्यायच्या!"

"कोनाला देऊ? रामचं लगन मोडू? का तुझी नौकरी घालवू?" भुऱ्याचे कान कुरवाळले. "रिकामं वाडगं वाजायचं बाई. कानाला लई तकलीफ व्हायची. तुझी परीक्षा व्हईस्तोवर ऐकलं."

तेव्हा कुठे माझ्या इंजिनिअर डोक्यात उजेड पडला. विसातून दहाच चुकवायचे, आणि तेही तीनदा, हे ज्याला फरक कळत नाही त्याच्या हातून होत नाही. त्याचे कधी आठ होतील, कधी तेरा. नेमके दहा चुकवायचे तर आधी वीसच्या वीस ओळखता यावे लागतात. आणि मोजावे लागतात. ज्या माणसानं उभ्या जन्मात मेंढरं मोजली नाहीत तो घोंगडीखाली बोटांवर माझ्या चुका मोजत होता. फोन आला त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून जागेच होते. माझं रडणं सगळं ऐकलं होतं.

आणि "लई बराबर झालं तुझं यंत्र" हे वाक्य. तेही माझं नाही. मी ते आयुष्यभर जपणार होते.

११ जानेवारी

सकाळी सरांना मेल लिहायला घेतली. "श्रोत्याचे निकाल ग्राह्य धरू नयेत, पद्धतीत दोष आहे, पुन्हा चाचणी घ्यावी." तीन ओळी. पाठवली असती तर मी सुटले असते. पण मग आबांनी ते सगळं ऐकलं कशासाठी? असं मी स्वतःला सांगितलं आणि ती खोडली. हे कारण सोयीचं आहे हे मला कळतं. मला नोकरी हवी आहे, हे खरं कारण. आबा, माय, कोणीच स्वतःसाठी खोटं बोललं नाही. मी तेवढी बोलतेय.

नोंदवहीबद्दल लिहिलं की यंत्र बिघडल्यानं २१ तारखेनंतरची नोंद उपलब्ध नाही. सरांचं लगेच उत्तर आलं. चालेल. फोटो मात्र आजच पाठव.

ओसरीत जाऊन उभी राहिले, मोबाइल हातात. आबांनी विचारलं, "काय पायजे?"

"सायबाला तुमचा फोटो पायजे."

"माझा? काहून?"

"तुमी परीक्षा दिली ना. तिथं दाखवणार हायेत."

"नौकरी राहिली का मंग?"

"राहिली. वरची जागा बी दिली."

"मंग काढ की." मायला हाक मारून पटका मागवला. मायनं धुतलेला आणला, बांधून दिला. राम टेम्पोची किल्ली फिरवत दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. आबा उशीला टेकून ताठ बसले. खुबा दुखला असणार, ओठ आवळले. स्पीकर बंद होते, तरी ते चारही त्यांनी मला खाटेजवळ सरकवायला लावले, म्हणजे फोटोत दिसतील.

"हात कानाला लावू का? ऐकत असल्यावानी?"

मी नको म्हणायला हवं होतं. "लावा," म्हणाले.

त्यांनी हात कानाला लावला आणि माळाच्या बाजूला तोंड केलं. तीन फोटो काढले. पहिल्यात डोळे मिटलेले आले, तिसरा हलला. दुसरा पाठवला.